न दुखणारा विकार

उपनगरातील कोणत्याही घरात पन्नाशी उलटलेल्या माणसाचा विषय निघाला की ‘त्यांना बीपीची गोळी चालू आहे’ हे वाक्य इतक्या सहजपणे कानी पडते की, या विकाराविषयी सांगण्यासारखे आता काही उरले नसावे, असा समज व्हावा. वस्तुस्थिती तशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार मुंबई महानगरपालिकेने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयाच्या नागरिकांपैकी सुमारे ३४ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला; आणि अशा रुग्णांतील पुष्कळांना त्याची वार्ताही नसते, कारण हा विकार दुखत नाही. डोके दुखले म्हणजे दाब वाढला, ते थांबले म्हणजे उतरला, हा सार्वत्रिक समज निराधार आहे. वाढलेला दाब वर्षानुवर्षे मेंदू, मूत्रपिंडे, हृदय आणि डोळ्यांचा पडदा यांतील वाहिन्यांची हानी करीत राहतो, आणि त्या अवधीत माणूस नित्याप्रमाणे ८.१२ ची लोकल पकडत असतो.

हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब हा वरचा आकडा, ते सैलावते तेव्हाचा खालचा. निरनिराळ्या दिवशी नीट मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून अधिक राहिला, तर उच्च रक्तदाब मानतात. ‘नीट’ या शब्दावर माझा भर आहे. अंधेरी स्थानकाचा पूल चढून, टपरीवर चहा घेऊन, धापा टाकीत दवाखान्यात शिरलेल्या गृहस्थाच्या दंडाला तत्क्षणी पट्टा बांधला, तर दिसणारा आकडा त्या पुलाचा आणि त्या चहाचाही असतो. चहा-तंबाखू होऊन अर्धा तास लोटलेला असावा. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे स्वस्थ बसावे. दंड हृदयाच्या पातळीवर असावा, आणि मोजणी चालू असताना बोलू नये. स्थूल दंडाला लहान पट्टा बांधल्यास आकडा खोटाच वाढतो. दोनदा मोजून वहीत तारखेसह नोंद करावी आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी.

या विकारावरील औषधांच्या इतिहासात मुंबईचे स्थान मोठे आहे, आणि ते आपल्याला फारसे ठाऊक नसावे याची मला खंत वाटते. के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील परिणाम रुग्णांवर पद्धतशीरपणे तपासून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पारितोषिक मिळाले. पुढे, मनाला येणारी खिन्नता आदी दुष्परिणामांमुळे हे औषध मागे पडले. सबब कोणी आज ती मुळी आणून उगाळण्याच्या फंदात पडू नये.

आहारात मुख्य प्रश्न मिठाचा. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, ही मर्यादा ताटाच्या कोपऱ्यातील चिमटीने क्वचितच मोडते. ती मोडते पापडातील खाराने, लोणच्याने, सुक्या मासळीने आणि घाटकोपर-मुलुंडच्या दुकानांतून रोज संध्याकाळी घरी येणाऱ्या फरसाणाने. सैंधव घेतले म्हणून सुटका होत नाही; तेही मीठच.

सर्वांत मोठी हयगय मात्र गोळीच्या बाबतीत होते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडणारे, आणि ‘तिची सवय लागते’ म्हणून ती सुरूच न करणारे, दोघेही एकाच भ्रमात आहेत. दाब ताब्यात आहे तो गोळीमुळे; ती थांबवली की बहुधा तो पुन्हा चढतो. एखाद्या गोळीने घोटे सुजले, दुसरीने कोरडा खोकला लागला, तर डॉक्टरांना सांगावे. औषध बदलता येते. कामावरून उशिरा परतणाऱ्यांसाठी पालिकेचे ‘आपला दवाखाना’ संध्याकाळीही उघडे असतात, आणि तेथे तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात.

बोलणे अडखळू लागले, तोंड एका बाजूला झुकले, हात-पाय लुळा पडला किंवा छातीत कळ आली, तर मात्र वही बाजूला ठेवून थेट मोठे रुग्णालय गाठावे. मेंदूतील गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि त्यांतील कितीतरी वेळ सकाळची वाट पाहण्यात जातो.