बाजारात तुरी... अर्थात नवं ग्राफिक्स कार्ड!

मित्रांनो, 'बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी' ही म्हण आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कुणी शिकवली नाही. ती मी शिकलो हॉस्टेलच्या मेसमध्ये, आणि तीही बाजारात न आलेल्या एका ग्राफिक्स कार्डावरून!

गोष्ट डिसेंबर 2024 ची. एनव्हिडियाची आरटीएक्स 50 सिरीज यायची होती. किंमत कुणाला माहीत नाही, परफॉर्मन्स कुणाला माहीत नाही, पण आमच्या विंगमध्ये दोन पार्ट्या पडलेल्या. एक म्हणे 5070 पन्नास हजारांच्या आत येणार, दुसरी म्हणे लाखाच्या खाली येतच नाही. पोळ्या गार व्हायच्या, भांडण गरमच!

मला गंमत वाटायची. पण माझ्या रूम पार्टनरचे त्यात खरे पैसे होते. त्याचं मिनी प्रोजेक्ट म्हणजे पानांच्या फोटोंवरून डाळिंबावरचा तेल्या रोग ओळखणं. त्याच्याकडे 12 जीबीचं आरटीएक्स 3060 होतं. बॅच जरा मोठी घेतली की मेमरी संपायची आणि प्रोग्रॅम मान टाकायचा. घरून डाळिंबाच्या पट्टीतले 45 हजार रुपये आले होते, नवीन कार्डासाठी.

7 जानेवारी 2025, सकाळी आठ. लास वेगासमध्ये तेव्हा 6 तारखेची संध्याकाळ होती. पहिलं लेक्चर बुडवून आम्ही सहा जण एका लॅपटॉपसमोर बसलो. कंपनीचे प्रमुख जेन्सन हुआंग स्टेजवर आले आणि म्हणाले की 5070 मध्ये 4090 चा परफॉर्मन्स मिळेल, 549 डॉलरमध्ये! 4090 ची मूळ किंमत होती 1,599 डॉलर. विंगमध्ये जल्लोष!! भारतातली किंमत जाहीर झाली 59,000 रुपये. मी पार्टनरला म्हटलं, "3060 आजच विकून टाक, उद्या कुणी विचारणार नाही." त्याच संध्याकाळी ते 12 हजारांत एका ज्युनियरला गेलं. 45 आणि 12 झाले 57. वरचे दोन हजार मी उसने देणार होतो.

आता खरा मुद्दा. कार्डाची स्पेसिफिकेशन्स त्याच दिवशी जाहीर झाली होती. आम्ही सगळे इंजिनियरिंगचे, पण एकानेही कॅल्क्युलेटर काढला नाही! तो काढला असता तर काय दिसलं असतं?

पहिला गुणाकार: कोअरची संख्या गुणिले क्लॉक गुणिले 2. दोनने गुणायचं, कारण प्रत्येक कोअर एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज करतो. 5070 मध्ये 6,144 कोअर, क्लॉक सुमारे 2.5 गिगाहर्ट्झ. उत्तर सुमारे 31 टेराफ्लॉप्स. 4090 मध्ये 16,384 कोअर, क्लॉक जवळपास तेवढाच. उत्तर 82 च्या वर! आणि जुन्या 4070 चं? 29.

दुसरा गुणाकार: मेमरी बसची रुंदी गुणिले वेग, भागिले 8. 5070 ची बस 192 बिटची, वेग 28 गिगाबिट, म्हणजे सेकंदाला 672 जीबी. 4090 ची 384 बिट आणि 21 गिगाबिट, म्हणजे 1,008 जीबी.

तिसऱ्या आकड्याला गुणाकारही लागत नाही. मेमरी किती? 4090 ला 24 जीबी. 5070 ला 12. म्हणजे पार्टनरने जे विकलं, तेवढीच!

मग हुआंगसाहेब खोटं बोलले का? तसंही नाही. हे एआयमुळे शक्य झालं, असं त्यांनी तिथेच सांगितलं होतं. डीएलएसएस 4 मध्ये कार्ड एक फ्रेम स्वतः रेंडर करतं आणि पुढच्या तीनपर्यंत फ्रेम एआयने तयार करतं. स्क्रीनवरचा फ्रेमचा आकडा फुगतो, पण माऊस हलवल्यावर गेम किती लवकर प्रतिसाद देतो ते ठरतं खऱ्या फ्रेमवर. आणि डाळिंबाच्या पानांना या फ्रेमचा काडीचा उपयोग नाही. मार्चमध्ये टेस्ट आल्या तेव्हा साध्या रेंडरिंगमध्ये 5070 हे 4070 च्या थोडं पुढे आणि 4090 च्या बरंच मागे निघालं. आपले गुणाकार हेच सांगत होते.

पण या गुणाकारांनाही एक पथ्य आहे, आर्किटेक्चर बदललं की ते फसवतात. 2020 मध्ये आलेल्या 3070 चे 20 टेराफ्लॉप्स होते आणि जुन्या 2080 टीआयचे 13 च्या आसपास. तरी गेममध्ये दोघं जवळपास बरोबरीत! कारण नव्या आर्किटेक्चरमध्ये कोअर मोजायची रीतच बदलली होती. 40 आणि 50 सिरीजमध्ये तेवढा मोठा फरक नव्हता. चिपही दोन्ही वेळा टीएसएमसीच्या त्याच पिढीच्या प्रोसेसवर बनलेली. म्हणून इथे हिशेब जमला.

आता किंमत. 549 गुणिले तेव्हाचे 86 रुपये म्हणजे साधारण 47,200. त्यावर 18 टक्के जीएसटी, झाले 55,700. वरचा खर्च धरून 59,000 पटतात. पण हे गणित डॉलरची किंमत कळल्यावरचं. त्याआधी कुणी छातीठोक आकडा सांगितला तर समजा, थापा! कारण किंमत सगळ्यात शेवटी ठरते, आणि ती समोरच्याकडे बघून ठरते. एएमडीने जून 2019 मध्ये आरएक्स 5700 एक्सटीची किंमत 449 डॉलर सांगितली. एनव्हिडियाची सुपर कार्डं जाहीर झाली आणि विक्रीच्या दोनच दिवस आधी एएमडीने ती 399 केली. 2022 मध्ये एनव्हिडियाने 12 जीबीचं 4080 हे 899 डॉलरला जाहीर केलं, आरडाओरडा झाल्यावर मागे घेतलं, आणि जानेवारी 2023 मध्ये तेच 4070 टीआय या नावाने 799 ला आणलं. जिथे कंपनीचं स्वतःचं ठरत नाही, तिथे आपली विंग काय ठरवणार?

मार्चमध्ये आम्ही दुकानात गेलो तेव्हा 59 चा बोर्डही दिसला नाही. दुकानदाराने सत्तरच्या वर आकडा सांगितला, "घ्यायचं तर आत्ता घ्या." आम्ही बाहेर येऊन चहा घेतला. पार्टनर एवढंच म्हणाला, "बारा जीबीसाठी बारा जीबी विकली रे." मला चहा गेला नाही.

45 हजार त्याने घरी परत पाठवले. प्रोजेक्ट पूर्ण झालं, छोटी बॅच घेऊन, त्याच 3060 वर. रात्री अकरानंतर तो पेन ड्राइव्ह घेऊन ज्युनियरच्या रूमवर जायचा. गेम संपेपर्यंत बाहेर कट्ट्यावर बसायचा. सबमिशनपर्यंत मीही सोबत बसलो, कारण "विकून टाक" म्हणणारा मीच होतो ना!

तेव्हा मित्रांनो, पुढचं कार्ड येईल तेव्हा मेसमध्ये भांडा खुशाल, त्यात मजा आहे. पण आधी कोअर, बस आणि मेमरी हे तीन आकडे कागदावर लिहा. आपल्या कामाला त्यातला कोणता लागतो त्याखाली रेघ मारा. आणि नवीन कार्ड हातात पडेपर्यंत जुनं विकू नका. मित्र कितीही ठामपणे सांगो!