रझाकारविरोधी लढ्याचे इतिहाससंशोधन (परभणी जिल्हा)

हैदराबाद संस्थानातील रझाकार या गणवेशधारी निमलष्करी संघटनेच्या दहशतीस १९४७–४८ मध्ये जो लोकप्रतिकार झाला, त्याच्या परभणी जिल्ह्यातील अंगाचा साधननिष्ठ अभ्यास. फॅसिझमविरोधी लोकलढ्यांच्या इतिहासात बहुभाषिक व बहुधर्मी नगरांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. अशा नगरांत प्रतिकार करणारे लोक एकाच जमातीचे नसतात, त्यांनी मागे ठेवलेले कागद एकाच भाषेत नसतात आणि लढा संपल्यावर त्याची स्मृती मात्र बहुधा एकाच जमातीच्या नावे जमा होते. परभणीचा इतिहास लिहिताना या तिन्ही अडचणी एकदम समोर येतात.

मजलिस-इ-इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ मध्ये हैदराबादेत स्थापन झाली. बहादुर यार जंग (मृ. १९४४) यांच्या नेतृत्वाखाली संस्थानचे सार्वभौमत्व मुसलमान समाजात अधिष्ठित आहे, हा विचार तिने रूढ केला. लातूरचे वकील कासीम रझवी १९४६ च्या अखेरीस अध्यक्ष झाल्यावर तिची स्वयंसेवक शाखा, म्हणजे रझाकार, संस्थानभर पसरली. गणवेश, कवायत, शपथ, नेत्याविषयी अंधनिष्ठा आणि शासनयंत्रणेच्या मूकसंमतीने चालणारी खाजगी दंडसत्ता या लक्षणांमुळे तत्कालीन राष्ट्रवादी व साम्यवादी कार्यकर्त्यांनी तिला फॅसिस्ट म्हटले. हे विशेषण संशोधकाने जपून वापरावे हे इष्ट. यूरोपातील फॅसिझमने संसदीय राज्यव्यवस्था उलथून टाकली; रझाकारांनी एका जुन्या सरंजामी राजसत्तेला टेकू दिला. कार्यपद्धतीतील साम्य उघड आहे, सामाजिक पाया मात्र वेगळा आहे. तेव्हा फॅसिस्ट हा त्या काळच्या प्रतिकारकांचा शब्द म्हणून नोंदवणे योग्य. तो इतिहासकाराचा निवाडा आपोआप ठरत नाही.

संस्थानाच्या लोकसंख्येत सुमारे निम्मे लोक तेलुगू भाषिक आणि चतुर्थांशाच्या आसपास मराठी भाषिक होते. कन्नड व उर्दू भाषिकांचे प्रमाण त्याहून कमी होते. राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू होती. परभणी हा औरंगाबाद विभागातील मराठीबहुल जिल्हा. परभणी, गंगाखेड, पाथरी, जिंतूर, परतूर, हिंगोली, वसमत व कळमनुरी हे त्याचे आठ तालुके. मनमाड–हैदराबाद लोहमार्गामुळे परभणी, सेलू, परतूर ही कापसाच्या व्यापाराची ठाणी वाढली. मारवाडी व गुजराती अडते, उर्दू भाषिक कारकून व अंमलदार, रोहिले व अरब पहारेकरी, महार व मांग वस्त्यांतील मजूर, लमाणांचे तांडे आणि उत्तरेकडील डोंगराळ भागातील आंध जमात असा येथील समाज होता. जनाबाईंचे गंगाखेड व नामदेवांची नरसी यांची वारी करणारे लोक परभणीच्या तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसासही जात आणि आजही जातात. या सहजीवनात विषमता नव्हती असे नाही. जमीन, सावकारी व सरकारी नोकरी यांची वाटणी फार असमान होती. पुढील संघर्षात धर्माइतकाच या असमानतेचाही वाटा आहे आणि नेमका तोच भाग आठवणींच्या पुस्तकांत त्रोटक येतो.

सभाबंदीच्या ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमामुळे संस्थानात राजकीय चळवळ प्रथम वाङ्मयीन व शैक्षणिक रूपाने वाढली. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातील परतूर येथे भरले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली आणि ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह सुरू झाला. आर्य समाज व हिंदुमहासभा यांच्या समांतर सत्याग्रहामुळे लढ्यास जातीय वळण लागू नये, म्हणून स्टेट काँग्रेसने डिसेंबरमध्ये तो थांबविला. हा निर्णय महत्त्वाचा आहे. निजामविरोध आणि मुसलमानविरोध या दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची गरज नेतृत्वास दहा वर्षे आधीच जाणवली होती, हे त्यावरून दिसते. १९४७ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली भारतात विलीन होण्यासाठी आंदोलन सुरू झाल्यावर शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरी नाक्यांवर हल्ले, लेव्हीला विरोध व दफ्तरे जाळणे हे प्रकार मराठवाडाभर झाले. दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालील कृती समिती संस्थानाबाहेरून सूत्रे हलवीत असे. परभणीच्या उत्तर सीमेला वऱ्हाड लागून असल्याने वाशीम, उमरखेड येथील छावण्यांशी जिल्ह्यातील तरुणांचा संबंध आला. वसमत तालुक्यातील वापटीचे बहिर्जी शिंदे या सशस्त्र लढ्यात हुतात्मा झाले. वसमतचे महाविद्यालय त्यांचे नाव धारण करते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले व १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली.

या घटनाक्रमाविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो प्रतिकार कोणी केला याविषयी. रझाकारांविरुद्ध उभे राहणाऱ्यांत मुसलमानही होते. इमरोज या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू मांडली आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. त्याच महिन्यात बाकर अली मिर्झा, मुल्ला अब्दुल बासित, फरीद मिर्झा यांच्यासह सात मुस्लिम गृहस्थांनी रझाकार संघटना बरखास्त करण्याची मागणी उघडपणे केली. उर्दू कवी व कामगार पुढारी मख्दूम मोहिउद्दीन (१९०८–६९) हे साम्यवादी पक्षातर्फे निजामशाहीशी लढत होते. दलितांची भूमिकाही एकरंगी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४७ मध्ये संस्थानातील अस्पृश्यांना निजामाची व इत्तेहादची बाजू न घेण्याचे आवाहन केले, उलट बी. एस. व्यंकटराव निजामाच्या मंत्रिमंडळात होते आणि श्यामसुंदर हे हैदराबादच्या संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या शिष्टमंडळाचे सदस्य होते. त्यांची कृती केवळ फितुरी म्हणून निकालात काढली, तर सवर्ण जमीनदारांच्या सत्तेविषयी खेड्यांतील अस्पृश्यांना वाटणारी भीती अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहते.

साधनांपैकी पहिले स्थान सरकारी कागदपत्रांचे. निजामी राजवटीच्या दफ्तरांचा मोठा भाग हैदराबाद येथील राज्य अभिलेखागारात असून त्याची भाषा फार्सी व उर्दू आहे. मराठी अभ्यासकांची पहिली गाठ येथे फसली कालगणनेशी पडते. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरच्या प्रारंभी आजूर महिन्याने सुरू होई व आबानने संपे. त्यामुळे फसली वर्षात डिसेंबरअखेरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून ५९१ मिळवावे लागतात. १३५७ फसलीचा आबान म्हणजे सप्टेंबर १९४८. सरसकट एकच आकडा मिळविल्यास घटना वर्षभराने पुढेमागे होते व एकाच प्रसंगाचे दोन प्रसंग बनतात. दुसरी अडचण शब्दांची. अव्वल तालुकदार म्हणजे जिल्हाधिकारी, अमीन म्हणजे पोलीस अंमलदार. अमीनाच्या अहवालातील ‘फसादी’ हा बहुतेक वेळा स्टेट काँग्रेसचा कार्यकर्ता असतो, पण कधी तो लेव्ही न देणारा साधा कुणबी असतो आणि कधी खरोखरच लुटारू. संदर्भ जुळविल्यावाचून या तिघांत भेद करता येत नाही.

भारत सरकारने १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेली हैदराबादविषयक श्वेतपत्रिका उपयुक्त आहे. परंतु ती एका पक्षाची कैफियत आहे, हे विसरता कामा नये. हैदराबाद राज्याच्या समितीने १९५६ पासून प्रकाशित केलेले स्वातंत्र्यलढ्याचे चार इंग्रजी खंड, १९६७ चा परभणी जिल्हा गॅझेटिअर, स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी आणि अनंत भालेराव यांचा हैद्राबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा हा ग्रंथ यांवाचून अभ्यास सुरूच होत नाही. यांतील बहुतेक लेखन लढ्यातील सहभागी व्यक्तींचे किंवा त्यांच्या निकटवर्तीयांचे आहे. मूळचे वसमत परिसरातील नरहर कुरुंदकर (१९३२–८२) यांनी या लढ्याच्या वैचारिक स्वरूपाची जी चिकित्सा केली, ती त्यामुळेच वेगळी उठून दिसते.

स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाची प्रकरणे हे एक विपुल, पण निसरडे साधन होय. सीमेवरील छावण्यांना शासनाने पुढे मान्यता दिल्यावर सहकाऱ्यांच्या प्रमाणपत्रांवर दावे सिद्ध होऊ लागले आणि अर्जांची भाषा एकसारखी झाली. ज्यांनी अर्जच केला नाही, ज्या स्त्रियांनी भूमिगतांना भाकरी पोचविली, ज्या मुसलमान शेजाऱ्याने रझाकार येत असल्याची खबर आधी दिली, त्यांची या दफ्तरात नोंद असण्याचे कारण नव्हते.

ही उणीव मौखिक साधनांनी काही अंशी भरून निघते. लंडनच्या ईस्ट एंड भागात ४ ऑक्टोबर १९३६ रोजी मोस्लीच्या फॅसिस्टांची मिरवणूक ज्यू रहिवासी, आयरिश गोदी कामगार व साम्यवादी यांनी मिळून केबल स्ट्रीट येथे रोखली. त्या घटनेचे मिश्र स्वरूप उलगडण्यास सहभागी लोकांच्या मुलाखतींची फार मदत झाली. परभणीकडील वृद्धांच्या बोलण्यात ‘रझाकारी’ आणि ‘पोलीस ॲक्शन’ हे दोन शब्द कालखुणा म्हणून येतात. हिंदू कुटुंबांची हकीकत बहुधा पहिल्या शब्दाने सुरू होऊन १७ सप्टेंबरला थांबते. मुसलमान कुटुंबांची हकीकत अनेकदा तेथेच सुरू होते. मुलाखत घेणारा एकाच वस्तीत फिरला, तर त्याला अर्धाच इतिहास मिळतो आणि तो पूर्ण असल्याचा भास होतो. हयात साक्षीदार आता फार थोडे उरले असल्याने पूर्वी ध्वनिमुद्रित झालेल्या मुलाखतींचे मोल वाढले आहे.

दुसऱ्या अर्ध्या इतिहासाचे मुख्य लेखी साधन म्हणजे पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल. सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना अब्दुल्ला मिसरी यांच्या समितीने नोव्हेंबर–डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानच्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत दौरा केला. लष्करी कारवाईच्या वेळी व नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा तिचा अंदाज होता. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते. हा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला. त्याचे काही भाग १९८८ मध्ये व अधिक विस्तृत मजकूर २०१३ मध्ये ग्रंथरूपाने उपलब्ध झाला. सर्वाधिक हानीच्या चार जिल्ह्यांत अहवालाने उस्मानाबाद (आता धाराशिव), गुलबर्गा (आता कलबुर्गी), बीदर व नांदेड यांची नावे दिली आहेत, परभणीचे नाही. तेवढ्यावरून परभणीत काही घडले नाही असा निष्कर्ष काढणे मात्र धाडसाचे ठरेल. रझाकारांचे अत्याचार अहवालाने नाकारलेले नाहीत. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान समव्यावसायिकांचे प्राण वाचविताना स्वतःचे प्राण गमावल्याचीही नोंद त्यात आहे. जातीपलीकडील प्रतिकाराचा शोध घेणाऱ्यास ही नोंद रझाकारांशी झालेल्या चकमकींइतकीच महत्त्वाची वाटली पाहिजे, कारण दोन्ही ठिकाणी सामान्य माणसाने जमावाच्या सत्तेस नकार दिलेला आहे.

प्रत्यक्ष शोधकार्यात जिल्ह्याच्या बदललेल्या सीमाही ध्यानात घ्याव्या लागतात. परभणी १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९८१ मध्ये परतूर तालुका नव्या जालना जिल्ह्यात गेला आणि १९९९ मध्ये हिंगोली, वसमत व कळमनुरी यांचा समावेश असलेला हिंगोली जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे १९४८ च्या परभणी जिल्ह्याचा अभ्यास करणाऱ्यास स्थानिक साधनांसाठी आज तीन जिल्ह्यांत, सीमेवरील छावण्यांसाठी वाशीम व यवतमाळ जिल्ह्यांत आणि मूळ दफ्तरांसाठी हैदराबादेत जावे लागते.