गाण्यातील नाव, नावाचा संगीतकार
नारायणगुड्यातील मुलांच्याही तोंडी असलेले अँथनी गोन्साल्विस हे नाव कल्पित नव्हे. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातील त्या गाण्याद्वारे संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिन-गुरूंना वंदन केले. १९२७ साली गोमंतकातील माजोर्डा येथे जन्मलेले हे गुरू मुंबईत चित्रपटांसाठी वादन करीत. ध्यास मात्र रागाला पाश्चात्त्य वाद्यवृंदात बसविण्याचा! आपला राग एकामागून एक स्वरांनी उलगडतो. तिकडे अनेक स्वर एकदम उमटतात. षड्जासवे गांधार-पंचम ही त्यांची नेहमीची जोडणी. सारंगात तर गांधारच वर्ज्य! तरीही त्यांनी सारंगात कॉन्चेर्टो रचला. १९५८ साली स्वतःचा वाद्यवृंद उभारून त्यांनी लता मंगेशकर व मन्ना डे यांना त्यासह गावयास लावले. नाव घरोघरी आणि रचना अपरिचित, हे आम्हां कोंकणी भाषकांस फार खटकते. पुढे ते अमेरिकेस गेले. २०१२ साली गोमंतकातच निवर्तले.