नदीकाठचा वास

या, जरा आत सरकून बसा. पडवीच्या त्या कडेला पागोळ्यांचे शिंतोडे येतात. आजीनं फणसाच्या आठळ्या उकडल्यात, त्या सोलत सोलत ऐका.

काल अंथरुणावर पडल्या पडल्या थोरलीनं मला विचारलं होतं, ‘आजोबा, डोंबिवलीचं चांगलं घर विकून तुम्ही इथे नदीकाठी का आलात? मासे तर तिकडे बाजारातही मिळायचे.’ मी म्हटलं, पाऊस आला की सांगतो. आज दुपारी आला. तापलेल्या अंगणात टपोरे थेंब पडले आणि हा धाकटा धावत आत आला, ‘आजोबा, वास! वास!’

तर त्या वासापासूनच सुरुवात करू.

तो वास आपण मातीचा म्हणतो, पण तो असतो मातीत राहणाऱ्यांचा. चिमूटभर मातीत डोळ्यांना न दिसणारे लक्षावधी जिवाणू नांदत असतात. त्यातलं एक मोठं कुळ म्हणजे स्ट्रेप्टोमायसीस. क्षयावरचं स्ट्रेप्टोमायसीन हे औषध याच कुळानं माणसाला दिलं. हे जिवाणू एक द्रव्य बनवतात. 1965 साली शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं जिओस्मिन, ग्रीक शब्दांवरून, अर्थ मातीचा वास. उन्हाळाभर ते मातीत पडून राहतं. मग पावसाचा थेंब पडतो. थेंब भुसभुशीत मातीवर आपटला की त्याच्या तळाशी हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. ते वर येतात आणि सोड्याच्या बाटलीत फुटतात तसे फुटतात. प्रत्येक बुडबुड्यासरशी अगदी सूक्ष्म तुषार हवेत उडतात आणि आपल्याबरोबर तो वास घेऊन निघतात. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी 2015 साली अतिवेगवान कॅमेऱ्यानं हे सगळं टिपलं. म्हणून संततधारेपेक्षा पहिल्या हलक्या सरीला वास जास्त. आता या झोडपणाऱ्या पावसात बघा, दुपारचा तो वास कुठे आहे?

आणि आपलं नाक या एका वासाला किती तयार आहे! एक लाख कोटी थेंब पाण्यात जिओस्मिनचे पाचेक थेंब टाकले तरी कित्येकांना तो कळतो. एवढ्या विरळ प्रमाणात नाकाला कळणारी द्रव्यं फार थोडी.

हे मला कसं माहीत? एकतीस वर्षं मी पाणी शुद्ध करणाऱ्या एका केंद्राच्या प्रयोगशाळेत होतो. उन्हाळ्यात तलावात निळं-हिरवं शेवाळ माजतं, त्यातल्या काही जाती हेच द्रव्य बनवतात. मग लोकांच्या तक्रारी यायच्या, ‘नळाला मातकट वास येतो.’ त्या वासानं अपाय होत नाही, पण पिववत नाही. मग आम्ही पाण्यात कोळशाची खास भुकटी मिसळायचो, ती वास शोषून घेते. म्हणजे आठवडाभर मी पाण्यातून मातीचा वास काढत होतो आणि शनिवारी रात्री कोकणची गाडी पकडून त्याच वासाकडे निघत होतो. पहाटे संगमेश्वरला उतरायचं, गरी खांद्यावर टाकायची आणि शास्त्री नदीची वाट धरायची. कधी शास्त्रीची कोंड, कधी सोनवीचा डोह. शेवटच्या वळणाला नदी दिसायची नाही, पण तिचा वास यायचा. ओल्या दगडाचा, शेवाळाचा, कुजक्या पानांचा. तिथे माझी पावलं आपोआप भरभर पडायची. निवृत्त झालो त्या रात्री आजीनंच विषय काढला. म्हणाली, ‘दर रविवारी संध्याकाळी तुमचा चेहरा उतरतो. आपणच तिकडे राहायला गेलो तर?’

असं घर बदललं. आपल्या भाषेत वास म्हणजे गंध आणि वास म्हणजे राहणंही. दोन्हींना एकच शब्द आहे हे मला इथे आल्यावर उमगलं.

नाही रे, गोष्ट संपली नाही. आता माशांची.

पहिल्याच वर्षी, दिवाळीच्या आसपास, संध्याकाळी गरी टाकून बसलो होतो. दोरी जड झाली. ओढून काढतो तर मनगटाएवढा जाड, अंगावर ठिपके ठिपके, सापासारखा वळवळणारा. शेजारचे तात्या बरोबर होते. म्हणाले, ‘अहीर हा. खाडीतून येतो, वर येऊन राहतो.’ अहीर म्हणजे गोड्या पाण्यात राहणारी ईल. पण गाभोळी असलेला अहीर कुणाच्या जाळ्यात आलेला तात्यांनी कधी बघितला नव्हता. हीच गोष्ट युरोपातल्या लोकांना दोन हजार वर्षं छळत होती. ॲरिस्टॉटलसारखा माणूस म्हणाला, ही चिखलातूनच उपजत असावी. सिग्मंड फ्रॉइड, तोच पुढे माणसाच्या मनाचा अभ्यास करणारा, तो वीस वर्षांचा असताना 1876 साली त्रिएस्तच्या समुद्रकाठी बसून जवळजवळ चारशे ईली कापत राहिला, नराचे अवयव शोधायला. हाती ठाम असं काही लागलं नाही.

त्याच सुमारास समुद्रात एक वेगळाच मासा सापडायचा. विलोच्या पानासारखा चपटा आणि इतका पारदर्शक की खाली ठेवलेलं पुस्तक त्याच्यातून वाचता यावं. ‘विलो म्हणजे काय?’ बरोबर विचारलंस. थंड देशातलं झाड, पानं आपल्या वाळुंजासारखी लांबट. तर त्या पारदर्शक माशाला शास्त्रज्ञांनी वेगळं नावही देऊन टाकलं होतं. 1896 साली इटलीत ग्रासी आणि कालांद्रुच्चो या दोघांनी दाखवलं की हे पान बदलत बदलत ईल होतं. सुरवंटाचं फुलपाखरू होतं, तसं.

मग डेन्मार्कचा योहानेस श्मिट निघाला. त्याची युक्ती इतकी साधी की तुम्हीही केली असती. त्यानं ठरवलं, जिथे सगळ्यात लहान पिल्लू सापडेल तिथे जन्मस्थान. 1904 पासून तो अटलांटिक महासागरात बारीक जाळी ओढत राहिला. पश्चिमेला जावं तसं पिल्लू लहान, आणखी लहान, आणखी लहान. मध्ये पहिलं महायुद्ध झालं, तरी शोध सोडला नाही. 1922 च्या सुमाराला तो सारगासो समुद्रापाशी येऊन थांबला, युरोपपासून पाचसहा हजार किलोमीटरवर. विचार करा, एका माशाचा पत्ता शोधायला जवळजवळ वीस वर्षं!

ईलीचं घर बदलणं केवढं मोठं आहे ते आता बघा. खोल समुद्रात जन्म. पानासारखं होऊन प्रवाहाबरोबर महिनोन्‌महिने वाहणं. किनारा जवळ आला की पान गोल होतं, जेमतेम बोटाएवढं, काचेसारखं, आतला कणा आणि दोन काळे डोळे तेवढे दिसतात. आता खाडीत शिरायचं, पण एवढ्याशा जिवानं ओहोटीशी झुंजायचं कसं? ते झुंजतच नाही. भरती आली की वर येतं आणि पाण्याबरोबर आत येतं. ओहोटी लागली की तळाशी जाऊन दबून बसतं. पुन्हा भरती, पुन्हा दोन पावलं आत. पुढे धबधब्याच्या ओल्या कातळावरसुद्धा ही पिल्लं अंग चिकटवून चढतात. नदीत कित्येक वर्षं राहतात, वाढतात. मग एक दिवस पोट रुपेरी होतं, डोळे मोठे होतात, खाणं थांबतं, आतडी आकसतात आणि अंगातल्या चरबीवर ती समुद्राकडे निघतात. अंडी घालतात आणि तिथेच मरतात. नदीत राहायचं ते समुद्रात जन्म देण्यासाठी.

‘पण आजोबा, एवढ्याशा पिल्लाला नदी कुठे आहे ते कळतं कसं?’

शाब्बास. मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. खारेपणा कमी होतो, पाण्याचं तापमान बदलतं, त्यावरून कळतं. आणि वासावरून. गोड्या पाण्यात मिसळलेल्या जिओस्मिनकडे ही काचेची पिल्लं ओढली जातात, असं 1990 च्या दशकात इटलीतल्या संशोधकांना आढळलं. दुपारी तुला जो वास आला ना, तोच! नदी आपल्या काठची माती धुऊन समुद्रात नेते आणि त्या वासाच्या मागावर ईल नदीत येते. हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. जो वास काढून टाकण्यात माझी एकतीस वर्षं गेली, तो कुणासाठी तरी दारावरची पाटी होता.

सामन माशाची तऱ्हा ईलीच्या बरोबर उलटी. तो वरच्या ओढ्यात वाळूगोट्यांत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच ओढ्यात परततो. शेजारच्या ओढ्यात शक्यतो जात नाही. हे कसं, याचा उलगडा आर्थर हॅसलर या अमेरिकन प्राध्यापकाला डोंगर चढताना झाला. युटा राज्यात, त्याच्या लहानपणच्या मुलखात, तो एका धबधब्याकडे चालला होता. धबधबा अजून कड्याआड होता. तेवढ्यात थंड वाऱ्याबरोबर शेवाळाचा आणि रानफुलांचा वास आला आणि विसरलेले बाळमित्र, त्यांचे चेहरे, सगळं एकदम डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्याच्या मनात आलं, मला एका वासानं एवढं आठवतं, तर माशाला का आठवू नये?

मग त्यानं ते तपासलं. वॉशिंग्टन राज्यात इसाक्वा नावाचा ओढा आहे, त्याला फाटा फुटतो. दोन्ही फाट्यांतले तीनशेच्या आसपास सामन पकडले, निम्म्यांच्या नाकात कापूस घातला आणि सगळे फाट्याच्या खाली नेऊन सोडले. मोकळ्या नाकाचे बहुतेक आपापल्या फाट्याला गेले. नाक बंद असलेले गोंधळले. पुढे 1970 च्या दशकात त्याच्या चमूनं सामनची पिल्लं मॉर्फोलिन या रसायनाचा अंश असलेल्या पाण्यात काही आठवडे ठेवली आणि मिशिगन सरोवरात सोडली. दीड वर्षानं एका ओढ्यात तेच रसायन थेंब थेंब सोडलं. मासे त्या ओढ्यात आले! ज्या ओढ्यात ते कधीच राहिले नव्हते, त्याला घर समजून.

माशाचं नाक श्वासासाठी नसतंच मुळी. दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं, पुढून पाणी आत, मागून बाहेर, मध्ये पाकळ्यांसारख्या घड्या. फक्त वास घेण्यासाठी.

आजी आतून विचारतेय, नदीच्या माशाच्या कालवणाला चिंच घालू की आमसूल. काहीही घाल गं! मुलांनो, यातही तेच. नदीतल्या माशाच्या मांसात जिओस्मिन मुरतं, म्हणून तो मातकट लागतो. आंबट पदार्थात ते द्रव्य मोडतं. आपल्या आज्या-पणज्यांना त्याचं नाव माहीत नव्हतं, पण नदीच्या माशाला आंबट जास्त लागतं हे हाताला ठाऊक होतं. आजचे मासे मात्र तळ्यात पाळलेले, विकतचे आहेत. माझी गरी नारळी पौर्णिमेपर्यंत त्या खुंटीवरच राहील.

का, ते आता दाखवतो. पाऊस जरा ओसरलाय. डोक्यावर इरली घ्या, बॅटरी मी घेतो. बांधावरून एकामागून एक चला, घसराल.

हा आपला पऱ्या. परवा इथे पाय भिजण्याएवढंही पाणी नव्हतं. आज तो भाताच्या मळ्यांतून नदीला मिळालाय आणि मासे त्याच्या उलट्या धारेनं वर निघालेत. याला म्हणायचं चढण. पाणी गार होतं, गढूळ होतं, जोरानं वाहू लागतं आणि माशांच्या अंगात अंडी घालायची वेळ भरते. अंगाच्या दोन्ही बाजूंना डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, त्या रेघेनं त्यांना धार कुठून येते ते कळतं. तोंड धारेकडे करायचं आणि चढायचं. वर मळ्यांत पाणी उथळ, उबदार, पिल्लांना खायला भरपूर, आणि गिळायला मोठा मासा नाही. चारसहा दिवसांचं माहेर.

आणि याच वाटेवर लोक जाळी आडवी लावतात. पोटात हजारो अंडी असलेली मादी हातानंही पकडता येते, म्हणून पकडतात. मला ते बघवत नाही. गावात मी घरोघरी जाऊन सांगतो, काहीजण ऐकतात. खालच्या बंधाऱ्याच्या फळ्या मृगाआधी निघाल्या की नाही, ते तात्या आणि मी जाऊन बघून येतो. नुसती एक फळी राहिली तरी खाडीतून येणाऱ्याची वाट बंद. युरोपात 1980 नंतर ईलीची पिल्लं शंभरातली दहासुद्धा उरली नाहीत. त्याची कारणं पुष्कळ आहेत, पण भिंती हे त्यातलं मोठं कारण.

श्श. बॅटरी पाण्यावर नको, बाजूच्या गवतावर. दिसला? बांधाच्या तोंडाशी पाणी पडतंय, त्याच्या खाली. दबा धरून बसलाय. आता उडी... पडला. थांब, पुन्हा मारेल. हां! गेला वर! त्याच्या मागे दुसरा. मळ्या आहे तो. आणि ती मिशांची शिंगटी, ती उडी मारत नाही, कडेच्या गवतातून सरकत चाललीय बघ.

हो, घाल हात पाण्यात, गार आहे. ओंजळ नाकाशी ने. दुपारचाच वास ना? आता ते पाणी हळूच खाली सोड, आपटू नकोस. त्यात कुणीतरी असेल.