जोडीतला छोटा शब्द

इंग्रजीत क्रियापदाला एखादा छोटा शब्द येऊन चिकटतो आणि अर्थच बदलतो. अशा जोडीला 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. आज आपण तिच्याकडे बघू.

मावळातली कितीतरी मुलं लोणावळ्याच्या हॉटेलांत, बंगल्यांवर काम करतात. पावसाचा जोर वाढला की पाहुण्यांचे फोन येतात. ट्रिप 'पुट ऑफ' केली म्हणजे पुढे ढकलली. 'कॉल ऑफ' केली म्हणजे रद्दच. 'ऑफ' दोन्हीकडे तोच, पण पहिल्यात नवी तारीख धरायची, दुसऱ्यात पैसे परत करण्याचा प्रश्न येतो. 'पुट' म्हणजे ठेवणे, एवढ्यावर इथे काहीच हाती लागत नाही.

मग आपण घाबरायचं का? मुळीच नाही. आपलं 'पुढे ढकलणे'च बघा ना. लग्न पुढे ढकललं, तेव्हा कुणी कुणाला धक्का दिलेला नसतो. 'काम करून टाक' म्हटलं तर काही टाकायचं नसतं. संस्कृतात एकाच 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात. उपसर्गाला स्वतंत्र अर्थ आहे की नाही, यावर शाकटायन आणि गार्ग्य यांचा मतभेद यास्काने 'निरुक्ता'त नोंदवला आहे. वेदांच्या भाषेत तर उपसर्ग धातूपासून दूरही बसतो.

इंग्रजीतही तेच. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ', दोन्ही चालतात. पण फॅनच्या जागी 'इट' आलं की ते मध्येच बसवायचं: 'टर्न इट ऑफ'. 'लुक आफ्टर', म्हणजे सांभाळणे, ही जोडी मात्र फुटत नाही. 'लुक आफ्टर इट' असंच म्हणायचं.

आता उतरण्याचं घ्या. पुण्याहून लोकलने आलो तर 'गेट ऑफ द ट्रेन'. मोटारीतून उतरलो तर 'गेट आउट ऑफ द कार'. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, तिथे बहुधा 'ऑफ'. वाकून शिरावं लागतं, तिथे 'आउट ऑफ'. मराठीत आपण दोन्हीकडे नुसते उतरतो.

म्हणून याद्या पाठ करून भागत नाही. भर्तृहरी 'वाक्यपदीया'त वाक्यालाच अर्थाचं अखंड एकक मानतो. आपणही जोडी वाक्यासकट लक्षात ठेवावी. आणि फोनवर 'पुट ऑफ' ऐकलं, की लगेच विचारावं, 'टिल व्हेन?' तारीख मिळाली तर खोली राखून ठेवता येते.