माडांखाली झाकलेलं शहर
घरं आणि झाडं मोजून रत्नागिरी कशी वाचायची?

थिबा पॉइंटवर संध्याकाळी उभं राहिलं, की काजळी नदी भाट्याच्या खाडीतून समुद्राला मिळताना दिसते. पलीकडे भाट्याच्या माडांची गर्द किनार. त्या माडांखाली वस्ती आहे. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छपरं, सारवलेली खळी, गडग्यांमधून जाणाऱ्या पाखाड्या. वरून मात्र सगळं आगरच वाटतं. उपग्रहालाही तसंच वाटतं, आणि रत्नागिरीचा नकाशा करू पाहणाऱ्याची अडचण इथूनच सुरू होते.

शहर कुठे संपतं, हे नगरपरिषदेची हद्द सांगते. ती हद्द घरपट्टीला पुरते, उन्हाळ्याला पुरत नाही. एकाच हद्दीत बाजारातली रात्र वेगळी तापते आणि वाडीतली वेगळी. म्हणून २०१२मध्ये इयान स्ट्युअर्ट आणि टिम ओक या हवामान अभ्यासकांनी ‘शहर’ आणि ‘गाव’ ही ढोबळ विभागणी बाजूला ठेवून १७ प्रकार मांडले. त्यांतले १० बांधकामाचे, ७ जमिनीचे: दाट झाडी, विरळ झाडी, झुडपं, गवत-शेती, कातळ किंवा फरसबंदी, माती-वाळू आणि पाणी. प्रकार ठरवताना किती जमीन इमारतींखाली आहे, किती जमिनीत पाणी मुरतं, घरं किती उंच आहेत, रस्त्यातून वर पाहिलं तर आभाळ किती दिसतं, हे मोजतात. महाराष्ट्रात नागपूरचं असं वर्गीकरण व्हीएनआयटीतील राजश्री कोठारकर आणि अनुराग बागडे यांनी २०१८मध्ये प्रसिद्ध केलं.

हीच फूटपट्टी घेऊन रत्नागिरीत फिरू. रामआळीच्या बाजारात भिंतीला भिंत लागलेली. ही ‘दाट, बुटकी वस्ती’. या प्रकारात ४० ते ७० टक्के जमीन इमारतींखाली असते आणि पाणी मुरणारी जमीन ३० टक्क्यांहून कमी. जुन्या आळ्यांत जिथे घराभोवती आवार शिल्लक आहे, तिथे ‘मोकळी, बुटकी वस्ती’: इमारती २० ते ४० टक्के, मुरणारी जमीन ३० ते ६०. भाट्याच्या आगरांत घरं आणखी विरळ. तिथे मुरणारी जमीन ६० ते ८० टक्क्यांपर्यंत जाते. तिन्हीकडे घरांची उंची १० मीटरच्या आतच, पण हवा तीन तऱ्हांची. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या लांबरुंद शेड्सचा प्रकार पुन्हा निराळा.

आता एखादं कौलारू घर पाडून तिथे पाच मजली इमारत येते, तेव्हा काय होतं ते पाहा. फणस आणि रातांबा जातात, विहीर बुजते, खळ्याच्या जागी पार्किंगचे पेव्हर ब्लॉक येतात. पत्ता तोच राहतो, आणि आळीभर असंच होत गेलं की प्रकार बदलतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पानांतून उडणारं पाणी हवा चांगली थंड करतं. रत्नागिरीची हवा आधीच दमट, त्यामुळे इथे तो फायदा कमी मिळतो. इथे माणसाला सुखावते ती सावली आणि समुद्रावरून येणारा वारा. झाड तुटलं की सावली जाते, आणि इमारतींची सलग रांग उभी राहिली की मागच्या आळीचा वारा अडतो. म्हणूनच दोन इमारतींमधलं अंतर हा आपल्याकडे जगण्याचा प्रश्न आहे.

हे सगळं उपग्रहाच्या चित्रावरून ओळखता येतं, पण एका मर्यादेपर्यंत. हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवतं. या दोहोंच्या फरकावरून उणे १ ते १ असा वनस्पती निर्देशांक काढतात. सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या चित्राचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा १० मीटरचा चौकोन. आपल्या वाडीत तेवढ्यात अर्धं छप्पर, दोन माड आणि खळं मावतं. ठिपका हिरवा दिसतो आणि घर हरवतं.

सड्याबाबत, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराबाबत, याच्या उलट घडतं. मे महिन्यात जांभ्याचा सडा काळाठिक्कर, तापलेला कातळ असतो. पाऊस पडला, की त्याच कातळावर गवत उगवतं, खळग्यांत पाणी साचतं, रानफुलांचे गालिचे पसरतात. ऋतूप्रमाणे जमीन कोरडी की ओली याची नोंद करण्याची सोय या वर्गीकरणात आहे. पण सडा हिरवा असतो त्या महिन्यांत आभाळ ढगांनी भरलेलं असतं आणि प्रकाशावर चालणाऱ्या उपग्रहाला खालचं दिसत नाही. ढगांतून पाहू शकणारे रडार उपग्रह आहेत, पण पानाचा हिरवेपणा त्यांना कळत नाही. म्हणून हाती येतात ती बहुतेक हिवाळ्या-उन्हाळ्यातली चित्रं, आणि त्यांत सडा ‘उघडा कातळ’ ठरतो. उघड्या कातळाला पडीक म्हणायला मग कितीसा वेळ लागतो? उक्षी आणि जांभरुणची कातळशिल्पं अशाच सड्यांवर आहेत. कोकणातली ही शिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत.

शहराचा विकास आराखडा करताना असा नकाशा समोर असायलाच हवा. कुठल्या आळीत मुरणारी जमीन संपत आली, कुठला वारा वाचवायचा, हे तो सांगेल. पण तो खरा व्हायचा तर आगरात शिरून माडांखालची घरं मोजावी लागतील आणि भर आषाढात, छत्री घेऊन, सडा चालावा लागेल.