कॉलेजात भेदभाव झाला, तर तक्रार कुठे आणि कशी करायची?

दहावीपर्यंत मूल आम्हा शिक्षकांच्या डोळ्यांसमोर असते. काही बिनसले तर अम्मी शाळेत येते, दोन शब्द बोलणे होते आणि मामला मिटतो. कॉलेजात गेल्यावर तसे राहत नाही. मूल परगावी, वसतिगृहात नाहीतर भाड्याच्या खोलीत राहते. वर प्राध्यापक, विभागप्रमुख, प्राचार्य अशी उतरंड. नावावरून टोमणे ऐकावे लागले, प्रात्यक्षिकाच्या गटात कुणी घेईना, की मूल घरी फोन करते. घरातून बहुतेक वेळा एकच उत्तर जाते, ‘सब्र कर, शिक्षण पूर्ण होऊ दे.’

आमचे जुने विद्यार्थी आणि त्यांचे पालक कधीकधी अशी गाऱ्हाणी घेऊन आमच्याकडे येतात. ‘तक्रार केली होती का?’ असे आम्ही विचारतो. ‘सरांना सांगितले होते,’ असे उत्तर मिळते. कागद मागितला तर कागद नसतो. तोंडी सांगितलेल्या गोष्टीची दफ्तरी नोंद होत नाही, आणि नोंद नसली की ‘आमच्यापर्यंत काही आलेच नाही’ असे म्हणायला सगळे मोकळे. आमचा हा लेख त्या एका कागदासाठी आहे.

डॉ. पायल तडवी हे नाव आपण विसरता कामा नये. तडवी भिल्ल हा खानदेशातला इस्लाम मानणारा आदिवासी समाज. त्या समाजातली, जळगावची ही मुलगी मुंबईच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिचा मृत्यू झाला. तिच्या वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्यामुळे तिने आत्महत्या केली, असा घरच्यांचा आरोप आहे. प्रकरण न्यायालयात आहे. खरेखोटे तिथेच ठरेल. त्रासाची कल्पना आपण आधीच दिली होती, असेही घरचे सांगतात. त्याच वर्षी तिची आई आबेदा तडवी यांनी रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. भेदभाव रोखण्याचे नियम कागदावर आहेत, ते कॉलेजांनी प्रत्यक्षात पाळावेत, हे त्यांच्या म्हणण्याचे सार.

हे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली केले. जात, धर्म, भाषा, लिंग, अपंगत्व अशा कोणत्याही कारणावरून विद्यार्थ्याशी भेदभाव करण्यास त्यात मनाई आहे. प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष असावा आणि एक भेदभावविरोधी अधिकारी नेमलेला असावा, असे ते सांगतात. कॉलेजात हा अधिकारी सहयोगी प्राध्यापकाहून खालच्या पदाचा नसावा आणि आलेल्या तक्रारीचा निर्णय ६० दिवसांत व्हावा. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे नियम आणले, पण सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्यांना स्थगिती दिली आणि २०१२ चे नियम चालू ठेवले.

दुसरी वाट २०२३ च्या नियमांची. त्यानुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिच्याकडे आणता येणाऱ्या तक्रारींच्या यादीत अल्पसंख्याक विद्यार्थ्यांशी होणाऱ्या भेदभावाचा स्पष्ट उल्लेख आहे. प्रमाणपत्रे अडवून ठेवणे, निकालाला उशीर लावणे, गुणवत्ता डावलून प्रवेश देणे हेही त्यात येते. प्रवेश घेऊ पाहणारा विद्यार्थीसुद्धा तक्रार करू शकतो. समितीने साधारण १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर १५ दिवसांच्या आत लोकपालाकडे अपील करता येते. लोकपाल हे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतात. विद्यार्थ्याला स्वतः बाजू मांडता येते किंवा आपल्या वतीने प्रतिनिधी पाठवता येतो.

काही तक्रारींच्या वाटा वेगळ्या आहेत. लैंगिक छळ असेल तर अंतर्गत तक्रार समितीकडे जावे, शक्यतो तीन महिन्यांच्या आत. रॅगिंग असेल तर १८००-१८०-५५२२ हा देशभराचा मोफत क्रमांक आहे. आणि काही प्रश्न कॉलेजच्या समितीत सुटत नाहीत, कारण तिथे निर्णय खुद्द संस्थेचाच असतो. चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब आणि टोपीवर बंदी घातली, तेव्हा विद्यार्थिनींना न्यायालयात जावे लागले. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिजाब आणि टोपीपुरती त्या बंदीला स्थगिती दिली, वर्गात बुरखा घालण्यास मात्र परवानगी दिली नाही.

आता कागदाविषयी. अर्ज एक पानाचा पुरे. काय घडले, कोणत्या तारखेला, कुठे, कोण हजर होते आणि तुम्हाला काय हवे आहे, एवढेच लिहावे. ज्याने जे शब्द वापरले ते जसेच्या तसे लिहावेत. ‘नेहमीच त्रास देतात’ असे मोघम लिहू नये. ऐकीव गोष्ट घालू नये, पदरची तर मुळीच नाही. खोट्या तक्रारीबद्दल विद्यार्थ्यावरही कारवाईची शिफारस होऊ शकते. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घ्यावी. कार्यालयाने प्रत घेतली नाही तर ईमेल करावा किंवा पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी. त्या तारखेपासून दिवस मोजता येतात.

‘अंतर्गत गुण त्यांच्याच हातात आहेत, डूख धरला तर?’ हा पालकांचा सवाल आम्हाला कळतो. ही भीती खोटी नाही. पण गप्प राहणाऱ्या मुलाचे गुण अचानक घसरले तर ते का घसरले, हे कुणाला दाखवता येणार? तारखेचा अर्ज दफ्तरी असेल, तर त्याच्या आधीचे आणि नंतरचे गुण शेजारी ठेवून विचारता येते.

प्रवेशाच्या वेळी आपण फी आणि वसतिगृहाची चौकशी करतो. त्याच फेरीत भेदभावविरोधी अधिकारी कोण आणि लोकपाल कोण, हेही विचारून घ्यावे, मुलाच्या वहीत लिहून ठेवावे. आणि मुलाचा फोन आला, तर सब्राचा सल्ला जरूर द्यावा; पण सब्र म्हणजे तोंड मिटून सोसणे नव्हे. न घाबरता, न चिडता, खरे तेवढेच लिहायला आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करायलाही सब्रच लागतो. मुलगी असो वा मुलगा, या कामात घर आपल्या पाठीशी आहे, हे त्याला त्या फोनवरच कळले पाहिजे.